घामावर चालणारे घड्याळ: कौतुक करा, पण हिशेबही मांडा



गेल्या काही महिन्यांत एकाच प्रकारचे व्हिडिओ मला बऱ्याच पेशंटनी मोबाइलवर दाखवले. दंडावर एक मऊ पट्टी चिकटवलेली असते, माणूस व्यायामाची सायकल चालवत असतो आणि त्याच्या घामावर एक छोटा दिवा लागतो. खाली मथळा असतो, "आता बॅटरी विसरा! मधुमेहींसाठी वरदान!" मग प्रश्न येतात. डॉक्टर, हे खरे आहे का? असे घड्याळ कुठे मिळते? ते घातल्यावर शुगर कमी होते का?

आधी थोडक्यात उत्तरे देतो. प्रयोग खरे आहेत. दुकानात जाऊन विकत घ्यावे असे आरोग्याचे उपकरण यातून अजून तुमच्या-माझ्या हातात आलेले नाही. आणि शुगर त्याने कमी होत नाही. पण एवढ्यावर विषय सोडून देणे बरोबर नाही, कारण या पट्टीमागचे शास्त्र सुंदर आहे आणि ते ज्या अडचणीवर उपाय शोधते ती अडचण मी रोज दवाखान्यात पाहतो. माझे मत असे की हे तंत्रज्ञान मोलाचे आहे, पण त्याची जाहिरात भलत्याच जागी चालली आहे. ते मत का झाले, हे आज सांगतो.

चार्जिंगचा प्रश्न हा तब्येतीचा प्रश्न कसा?

तुम्ही म्हणाल, घड्याळाची बॅटरी संपली तर संपली, त्यात डॉक्टरांचा काय संबंध? संबंध आहे.

एट्रियल फिब्रिलेशन नावाचा हृदयाच्या ठोक्यांचा एक विकार आहे. त्यात ठोके बेताल पडतात, हृदयात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती मेंदूकडे गेली तर पक्षाघाताचा झटका येतो. अनेकांमध्ये हा बेताल काळ येतो आणि जातो. दवाखान्यात ईसीजी काढला तेव्हा ठोके अगदी शिस्तीत असतात. म्हणून आपण २४ तासांचा होल्टर लावतो किंवा ईसीजी काढणारे घड्याळ वापरायला सांगतो. आता ते घड्याळ चार्ज केव्हा होते? रात्री. म्हणजे झोपेत जे घडते त्याची नोंदच होत नाही. सकाळी पेशंट येतो आणि म्हणतो, "रात्री दोन वाजता छाती धडधडली, पण घड्याळ चार्जिंगला होते."

कानाच्या मशीनचेही तेच. बटणाएवढा सेल काही दिवसांत संपतो, आजींच्या थरथरत्या बोटांना तो बदलता येत नाही, मुलगा परगावी असतो. मशीन डबीत जाऊन पडते आणि आजी हळूहळू बोलण्यातून बाहेर पडतात.

सर्वांत जुने उदाहरण पेसमेकरचे. शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील स्टॉकहोम येथे आर्ने लार्सन या रुग्णाला बसवला गेला. रूने एल्मक्विस्ट यांनी तो बनवला आणि आके सेनिंग यांनी शस्त्रक्रिया केली. त्याची बॅटरी बाहेरून चार्ज करावी लागे आणि ते पहिले यंत्र काही तासांतच बंद पडले. लार्सन मात्र २००१ पर्यंत जगले. त्या काळात त्यांना वीसहून अधिक पेसमेकर लागले. पुढे पेसमेकरला टिकाऊ वीज मिळावी म्हणून लोकांनी काय काय केले! १९७० मध्ये पॅरिसमध्ये चक्क प्लुटोनियमवर चालणारा पेसमेकर बसवला गेला. त्याच दशकात लिथियम-आयोडीन बॅटरी आली आणि प्रश्न बराचसा सुटला. आज पेसमेकर आठ-दहा वर्षे किंवा जास्तही चालतो. तरी बॅटरी संपली की छातीवरचा तो कप्पा पुन्हा उघडावा लागतो आणि प्रत्येक वेळी जंतुसंसर्गाची थोडी तरी भीती असते.

थोडक्यात, शरीरावर किंवा शरीरात राहणाऱ्या उपकरणाचे आयुष्य त्याची बॅटरी ठरवते. बाकीचे सगळे भाग कितीही हुशार असले तरी.

फ्युएल सेल म्हणजे काय?

बॅटरी म्हणजे घरून भरून नेलेला जेवणाचा डबा. जेवढे भरले तेवढेच मिळणार, मग डबा रिकामा. फ्युएल सेल, म्हणजे इंधन-घट, ही चूल आहे. सरपण घालत राहा, ती चालू राहते. फरक एवढाच की या चुलीत जाळ नसतो. इंधन आणि ऑक्सिजन यांचा संयोग होतो, पण त्यातून उष्णतेचा भडका उडण्याऐवजी सरळ वीज मिळते.

हे होते कसे? सेलला दोन टोके असतात. एका टोकाला इंधन आपले इलेक्ट्रॉन सोडते. दुसऱ्या टोकाला ऑक्सिजन ते घ्यायला टपून बसलेला असतो. मध्ये असा पदार्थ असतो की इलेक्ट्रॉनना थेट पलीकडे जाता येत नाही. त्यांना बाहेरच्या तारेतून वळसा घालून जावे लागते. त्या वळशाच्या वाटेवर आपण दिवा, मोटर किंवा सेन्सर ठेवतो. इलेक्ट्रॉन वाहू लागले की वीज मिळते.

कल्पना जुनी आहे. विल्यम ग्रोव्ह यांनी हायड्रोजन आणि ऑक्सिजनपासून वीज निर्माण करण्याचे प्रयोग १८३९ च्या सुमारास प्रसिद्ध केले. अपोलो यानांना वीज याच सेलनी पुरवली. हायड्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र आल्यावर उरते ते पाणी, आणि अंतराळवीर तेच पाणी पीत. आपल्या पुण्यात ऑगस्ट २०२२ मध्ये हायड्रोजन फ्युएल सेलवर चालणारी देशी बनावटीची बस सादर झाली, तिचेही तत्त्व हेच.

तुमचे शरीर हीच एक चूल

आता गंमत पाहा. तुमच्या प्रत्येक पेशीत जवळपास हेच चालू आहे. पोळी-भाजीतले ग्लुकोज पेशीत जाते. तंतुकणिका, ज्यांना आपण मायटोकाँड्रिया म्हणतो, त्या त्याचे इलेक्ट्रॉन पायरीपायरीने काढून शेवटी ऑक्सिजनच्या हवाली करतात. या उतरंडीत जी ऊर्जा सुटते तीवर आपण जगतो. आरामात बसलेल्या माणसाचे शरीर साधारण ८० ते १०० वॅट ऊर्जा खर्च करते, म्हणजे जुन्या काळच्या एका पिवळ्या बल्बएवढी.

मग शास्त्रज्ञांच्या मनात आले, यातली चिमूटभर ऊर्जा आपण बाहेर घेऊ शकतो का? त्यासाठी पेशीतलीच हत्यारे उसनी घेतली, म्हणजे एन्झाइम किंवा विकरे. ग्लुकोज ऑक्सिडेज हे विकर ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन सोडवते. लॅक्टेट ऑक्सिडेज हे लॅक्टेटचे. लॅक्टेट आपल्या घामात चांगल्या प्रमाणात असते, म्हणून घामाच्या पट्टीचे इंधन ते.

हे तुम्हाला अनोळखी वाटत असेल तर घरातले ग्लुकोमीटर काढून पाहा. शुगर तपासायच्या पट्टीवर असेच एखादे विकर वाळवून लावलेले असते. रक्ताचा थेंब पडला की ते ग्लुकोजचे इलेक्ट्रॉन सोडवते आणि मीटर त्या प्रवाहावरून आकडा सांगते. या कल्पनेचा पाया लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये घातला. म्हणजे पट्टी वापरणारा प्रत्येक मधुमेही या तंत्रज्ञानाचा अर्धा भाग आधीच हाताळतो आहे. फरक इतकाच की मीटर इलेक्ट्रॉन मोजते आणि फ्युएल सेल त्यांना कामाला लावतो.

आता लवचीकपणा. मनगटाची त्वचा दिवसातून हजार वेळा ताणली, दुमडली जाते. काचेसारखा कडक सेल तिथे टिकणार नाही. म्हणून कार्बनची शाई मऊ पापुद्र्यावर छापतात. कडक ठिपके लांब लांब ठेवून त्यांना नागमोडी तारांनी जोडतात. कातडी ताणली की नागमोडी तार सरळ होते, ठिपक्याला झळ लागत नाही.

आतापर्यंत काय साधले?

अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जोसेफ वांग यांच्या गटाने या विषयात बरेच काम केले आहे. २०१७ मध्ये त्यांनी दंडावरच्या अशा पट्टीतून ब्लूटूथचा रेडिओ चालवून दाखवला. माणूस सायकल चालवत होता आणि दर चौरस सेंटिमीटरला सुमारे १.२ मिलीवॅट वीज मिळाली. २०२० मध्ये कॅल्टेक या संस्थेत वेई गाओ यांच्या गटाने घामावरच चालणारी आणि घामातलेच घटक मोजणारी बॅटरीविना पट्टी केली. तिने दर चौरस सेंटिमीटरला ३.५ मिलीवॅटपर्यंत मजल मारली आणि ६० तास स्थिर काम केले.

२०२१ मधला सॅन डिएगोचा प्रयोग मला सर्वांत आवडला. त्यांनी पट्टी बोटाच्या टोकावर लावली. बोटांच्या टोकांना घामाच्या ग्रंथी खूप दाट असतात आणि बसल्या जागीही तिथे थोडा घाम झिरपत असतो. दहा तासांच्या झोपेत एका बोटाच्या पट्टीने जवळपास ४०० मिलीज्यूल ऊर्जा गोळा केली. सायकल नाही, धावणे नाही, नुसती झोप.

शरीराच्या आतली चूलही पेटवून झाली आहे. फ्रान्समधील ग्रनोबल येथे २०१० मध्ये उंदराच्या पोटात ग्लुकोजवर चालणारा सेल बसवला गेला. २०२२ मध्ये एमआयटी आणि म्युनिकच्या तंत्र विद्यापीठातील संशोधकांनी अवघ्या ४०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे केसाच्या शंभराव्या हिश्श्याहूनही पातळ, सिरॅमिकचा ग्लुकोज सेल केला. त्यातून दर चौरस सेंटिमीटरला ४३ मायक्रोवॅटपर्यंत वीज मिळाली, अर्थात प्रयोगशाळेत, शरीरात नव्हे.

आता हिशेब मांडू

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल, मग अडले कुठे? हिशेबात अडले.

स्मार्टवॉचची बॅटरी साधारण एक वॅट-तासाची धरू. एक वॅट-तास म्हणजे ३६०० ज्यूल. बोटावरची पट्टी एका रात्रीत ०.४ ज्यूल देते. भागाकार करा. तुमचे घड्याळ एकदा पूर्ण चार्ज करायला अशा ९००० रात्री लागतील, म्हणजे जवळपास २५ वर्षे. दहाही बोटांना पट्ट्या लावून झोपलात तरी अडीच वर्षे. आणि ते घड्याळ दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा मान टाकेल.

मग ते ०.४ ज्यूल फुकट गेले का? मुळीच नाही. काटे किंवा साधे आकडे दाखवणारे इलेक्ट्रॉनिक घड्याळ तेवढ्यावर दिवसभर चालते. पेसमेकरची भूक दहा-वीस मायक्रोवॅटच्या घरात असते. दर काही मिनिटांनी एक आकडा मोजून पाठवणारा साधा सेन्सरही थोडक्यात भागवतो. रंगीत पडदा, गाणी, फोन, नकाशे हे या चुलीवर शिजणार नाही. एक छोटी नोंद, एक इशारा, एवढे शिजेल. आरोग्यासाठी तेवढेच पुष्कळ असते.

म्हणून मी म्हणतो की जाहिरात भलत्या जागी चालली आहे. "मोबाइल घामावर चार्ज होईल" हे सांगून कोणाचे भले होणार नाही. "जखमेवरची पट्टी स्वतःच्या विजेवर आठवडाभर सांगत राहील की जंतुसंसर्ग होतो आहे का" हे साधले, तर पायाला जखम झालेल्या कित्येक मधुमेहींचा पाय वाचेल.

डॉक्टर म्हणून माझ्या शंका

पहिली शंका: घाम कोणाला येतो? व्हिडिओतला सायकलवरचा तरुण धडधाकट असतो. ज्यांच्यावर सतत लक्ष ठेवायला हवे ते माझे पेशंट तसे नसतात. वय वाढले की घाम कमी होतो. जुन्या मधुमेहात पायाच्या नसांबरोबर घामाच्या ग्रंथींच्या नसाही निकामी होतात, म्हणून तर पावले कोरडी पडून भेगाळतात. लघवी वारंवार होऊ नये म्हणून दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनीही घाम घटतो. उलट शुगर अचानक घसरली की दरदरून घाम येतो. म्हणजे एखाद्याचा सेल संकटात जोरात चालेल, तर दुसऱ्याचा गरजेच्या वेळीच थंड पडेल. अशा सेलच्या चाचण्या सत्तरीच्या, अंथरुणाला खिळलेल्या, कोरड्या कातडीच्या माणसांवर झाल्याशिवाय मी तो माझ्या पेशंटला सुचवणार नाही.

दुसरी शंका: विकरे नाजूक असतात. ती प्रथिनेच आहेत. शुगरच्या पट्ट्यांची डबी घट्ट बंद ठेवा, उन्हात ठेवू नका असे आम्ही का सांगतो? याचसाठी. विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो, कोकणात हवा पाण्याने जड असते. आपल्या कातडीवर तेल असते, साबण असतो, हळद असते. तिथे ६० तास टिकणे हे प्रयोगशाळेत कौतुकाचे आहे, पण पेसमेकरची बॅटरी आठ-दहा वर्षे बिनबोभाट चालते. जिथे वीज थांबली तर जीव जाईल, तिथे आज तरी जुनी बॅटरीच हवी.

तिसरी शंका: कातडी. सतत शुगर मोजणारा सेन्सर लावणाऱ्या काहींना त्याच्या गोंदामुळे ॲलर्जी होते, लाल चट्टे उठतात. घाम हवा म्हणून पट्टी खालची जागा दमट ठेवायची आणि वर आपला उन्हाळा! घामोळे आणि बुरशी यांना याहून चांगले आमंत्रण कोणते? पट्टी दर किती दिवसांनी काढायची, जागा केव्हा बदलायची, हे विजेच्या आकड्याइतकेच महत्त्वाचे आहे.

चौथी शंका: घाम म्हणजे रक्त नव्हे. घामात ग्लुकोज फार थोडे असते, रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्श्याइतके. घाम किती वेगाने येतो, त्यात कातडीवरचे काय मिसळले, यावर आकडा हलतो. घामावर उपकरण चालले, याचा अर्थ त्याने दाखवलेल्या शुगरवर इन्सुलिनचा डोस ठरवावा असा होत नाही. अमेरिकेच्या एफडीएने फेब्रुवारी २०२४ मध्ये लोकांना बजावले की त्वचेला न टोचता शुगर मोजतो असे सांगणाऱ्या घड्याळांवर आणि अंगठ्यांवर विसंबू नका. तशा एकाही उपकरणाला त्यांनी तेव्हा मान्यता दिलेली नव्हती. चुकीच्या आकड्यावर इन्सुलिन जास्त घेतले तर माणूस बेशुद्ध पडू शकतो.

इंधन कोणते, हे विचारायला विसरू नका

छोटे फ्युएल सेल सगळेच घामावर चालत नाहीत. काही मिथेनॉलवर चालतात. २००९ मध्ये तोशिबाने जपानमध्ये डायनारिओ नावाचा मिथेनॉलवरचा छोटा चार्जर आणला होता, फक्त ३००० नग. त्याच्या टाकीत १४ मिलीलिटर मिथेनॉल मावत असे. मिथेनॉलमध्ये ऊर्जा भरपूर, ते द्रव असल्याने भरायला सोपे. अभियंत्याला ते आवडणारच.

डॉक्टरला मात्र ते नाव ऐकून दुसरेच आठवते. मुंबईत मालवणी भागात जून २०१५ मध्ये विषारी दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. त्या विषाचे नाव मिथेनॉल. यकृतात त्याचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि मग फॉर्मिक ॲसिड होते. रक्त आम्लधर्मी होते, डोळ्याची नस जळते. दहा मिलीलिटर इतक्या थोड्या मिथेनॉलनेही कायमचे अंधत्व येऊ शकते. ते कातडीतूनही शोषले जाते. ज्या घरात रांगते मूल आहे त्या घरात मिथेनॉलची कुपी असलेले घड्याळ नको, असे माझे स्पष्ट मत आहे. शरीरावर बांधायच्या वस्तूत शरीराला परिचित असलेलेच इंधन असावे, म्हणजे लॅक्टेट किंवा ग्लुकोज.

नेहमी विचारले जाणारे तीन प्रश्न

*पट्टीने घामातले लॅक्टेट वापरले तर अशक्तपणा येईल का?* नाही. घाम शरीराबाहेर पडलेलाच आहे. तो पुसून टाकला काय किंवा पट्टीने वापरला काय, शरीराला सारखेच.

*शरीरात बसवलेला ग्लुकोजचा सेल शुगर खाऊन टाकेल का?* पुन्हा हिशेब करू. एक मिलीवॅटचा सेल अर्ध्या व्होल्टवर २४ तास चालला आणि त्याने ग्लुकोजच्या प्रत्येक रेणूतून दोनच इलेक्ट्रॉन घेतले, तर दिवसाला सुमारे ०.१६ ग्रॅम ग्लुकोज लागेल. चहातला एक चमचा साखरच चार-पाच ग्रॅमची असते, एका पोळीत पंधरा-वीस ग्रॅम कर्बोदके असतात. म्हणजे सेलने शुगर उतरवण्याची वाट पाहण्यापेक्षा अर्धी पोळी कमी खाणे केव्हाही बरे. स्वित्झर्लंडमध्ये बाझल येथे मार्टिन फुसेनेगर यांच्या गटाने २०२३ मध्ये उंदरांवर एक वेगळा प्रयोग केला. त्यात ग्लुकोज वाढले की सेल वीज करतो आणि त्या विजेने खास तयार केलेल्या पेशींना इन्सुलिन सोडायला लावतो. इथे शुगर उतरते ती इन्सुलिनमुळे. कल्पना फार हुशारीची आहे, पण ती उंदरांवर आहे, एवढे ध्यानात ठेवा.

*शॉक बसेल का?* अशा एका सेलचा दाब एक व्होल्टपेक्षाही कमी असतो. हातातल्या टॉर्चच्या एका सेलपेक्षा कमी. शॉकची भीती नको.

तोवर घरातल्या बटण-सेलकडे लक्ष द्या

उद्याच्या सेलबद्दल बोलताना आजच्या सेलचा धोका सांगणे मला आवश्यक वाटते. घड्याळ, रिमोट, खेळणी, वजनकाटा, थर्मामीटर, सगळ्यांत नाण्यासारखा चपटा सेल असतो. लहान मुलाने तो गिळला आणि तो अन्ननलिकेत अडकला तर ओल्या त्वचेतून वीज वाहू लागते, तिथे तीव्र क्षार तयार होतो आणि दोन तासांतही अन्ननलिका गंभीर भाजू शकते. सेल वापरून संपलेला असला तरी हे होते. वीस मिलिमीटर रुंदीचे लिथियम सेल सर्वांत घातक.

मुलाने सेल गिळल्याची शंका जरी आली तरी थेट मोठ्या रुग्णालयात न्या आणि एक्स-रे काढायला सांगा. उलटी करवू नका. मूल एक वर्षाहून मोठे असेल, नीट गिळू शकत असेल आणि सेल गेल्या बारा तासांत गिळला असेल, तर वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चहाचे चमचे मध द्या, जास्तीत जास्त सहा वेळा. मधामुळे भाजणे थोडे लांबते. पण मधासाठी निघायला उशीर करू नका. एक वर्षाखालच्या बाळाला मध मुळीच देऊ नका. सेल नाकात किंवा कानात घातला असेल तरी तेवढीच घाई करा.

कानाच्या मशीनसाठी एक सूचना. त्यातले झिंक-एअर सेल हे फ्युएल सेलचे जवळचे नातेवाईक आहेत. ते हवेतला ऑक्सिजन वापरतात. म्हणून त्यांच्यावर रंगीत स्टिकर असते. ते काढले की हवा आत शिरते आणि सेल जागा होतो. पुन्हा स्टिकर लावून तो झोपत नाही. तेव्हा चार सेलची स्टिकरे आधीच काढून ठेवू नका. आणि काढल्यावर तीन-चार मिनिटे थांबून मगच मशीनमध्ये घाला. सेल जास्त चालेल.

माझे म्हणणे

मी तंत्रज्ञानाच्या विरोधात नाही. शरीराच्याच इंधनावर चालणारी, मऊ, पातळ पट्टी ही येत्या काळातली मोठी सोय ठरू शकते. तिची पहिली जागा माझ्या मते अशी असावी: काही दिवसांपुरती लावायची, एकदा वापरून टाकायची, थोडक्यात काम सांगणारी, आणि बंद पडली तरी जीव धोक्यात न येणारी उपकरणे. जखमेची पट्टी, तापाची नोंद, उन्हात राबणाऱ्या मजुराच्या किंवा शेतकऱ्याच्या घामावर लक्ष ठेवून त्याला वेळीच "पाणी पी, सावलीत बस" असे सांगणारी पट्टी. उन्हाच्या कामात घाम मुबलक असतो आणि धोकाही तिथेच असतो. ऊर्जा आणि गरज यांची अशी गाठ क्वचित पडते. उष्माघाताने दर उन्हाळ्यात माणसे दगावणाऱ्या आपल्या राज्यात या कामाला पहिला मान मिळायला हवा. संशोधन करणाऱ्यांनी व्यायामशाळेतल्या सायकलीवरून उतरून बांधकामावर आणि कापसाच्या शेतात चाचण्या घ्याव्यात.

तुम्ही काय करावे? अशी कुठलीही वस्तू घ्यायला कोणी सांगितले तर चार प्रश्न विचारा. यात इंधन कोणते आहे? चाचण्या माझ्या वयाच्या, माझ्यासारखा आजार असलेल्या लोकांवर झाल्या आहेत का? वीज संपली तर हे उपकरण मला तसे सांगते का, की गुपचूप बंद पडते? आणि भारतात वैद्यकीय उपकरणांसाठी २०१७ चे नियम आहेत, त्यांखाली याची नोंद आहे का? चारपैकी एकाचेही उत्तर टाळले गेले तर पैसे खिशातच राहू द्या.

आणि सध्या जे घड्याळ आहे ते रात्री चार्जिंगला लावू नका. संध्याकाळी आंघोळीला जाताना किंवा जेवणाच्या वेळी लावा आणि झोपताना हातात घाला. धडधड, श्वास अडकणे, असे बरेच काही रात्रीच होते. त्या नोंदीचा तुमच्या डॉक्टरांना खरा उपयोग होईल.